विश्लेषण : जत्रेतल्या भूतबंगल्यात आपण का ओरडतो? आणि आत खरंच काही घडलं तर?

पाळणा, ब्रेक डान्स, मौत का कुआँ आणि त्यांच्या शेजारी काळ्या कापडाचा भूतबंगला. पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेपासून सांगलीकडच्या गावजत्रांपर्यंत करमणुकीच्या पट्ट्यात ही रांग ओळखीची आहे. पत्र्यावर रंगवलेली लाल डोळ्यांची हडळ, दारावर लोंबणारा प्लास्टिकचा सापळा आणि ‘कमजोर दिलवाल्यांनी आत जाऊ नये’ असं माइकवरून हिंदी-मराठीची मिसळ करून सांगणारा माणूस. ही सूचना नसते, जाहिरात असते. ती ऐकून कमजोर दिलवाल्यांना मित्र ढकलत आत नेतात आणि तीन-चार मिनिटांत सगळे हसत, धापा टाकत बाहेर येतात.

याच खेळाची मोठी आवृत्ती आता सातारा जिल्ह्यातही दिसते. महाबळेश्वर-पाचगणीच्या पर्यटन पट्ट्यात गेमिंग झोनच्या जोडीला ‘हॉरर हाऊस’च्या पाट्या लागल्या आहेत. खोपोलीजवळच्या इमॅजिका थीम पार्कमध्ये ‘सलीमगढ’ नावाचा भुताटकीचा किल्ला आहे. परदेशात तर तळघरात आणि जुन्या भुयारांत जिवंत कलाकार घेऊन तास-तासभर चालणारे प्रयोग होतात. पैसे देऊन घाबरून घेण्याचा हा उद्योग चालतो कसा, आणि त्यातला खरा धोका कुठे असतो?

हे नेमकं असतं काय?

ढोबळमानाने तीन प्रकार आहेत. पहिल्यात प्रेक्षक गाडीत बसतो आणि गाडी रुळावरून अंधारात फिरते. दुसऱ्यात प्रेक्षक चालतो, पण भुतं यंत्राची असतात. पाय पडला की झाकण उघडतं, पुतळा पुढे झेपावतो. तिसऱ्यात प्रेक्षक चालतो आणि भूत म्हणजे मुखवटा घातलेला जिवंत माणूस. जत्रेतला भूतबंगला दुसऱ्या आणि तिसऱ्याचं मिश्रण असतो. तिथे यंत्र बिघडलं तरी माणूस असतो.

जमिनीखालच्या, कलाकारांच्या प्रयोगाचं जगातलं ठळक नाव म्हणजे ‘लंडन डंजन’. १९७४ मध्ये लंडन ब्रिज रेल्वे स्थानकाखालच्या विटांच्या कमानींत ते सुरू झालं आणि २०१३ मध्ये थेम्सकाठच्या काउंटी हॉलमध्ये हललं. प्लेग, फाशी, जॅक द रिपर असा शहराचाच काळा इतिहास कलाकार तिथे प्रेक्षकांच्या अंगावर आणतात. डिस्नेलँडचं प्रसिद्ध ‘हाँटेड मॅन्शन’ ९ ऑगस्ट १९६९ रोजी उघडलं, पण ते गाडीतून फिरण्याचं. तिथलं भूत जवळ येऊन कानात बोलत नाही.

सांगलीला हे नवं आहे का?

अजिबात नाही. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी विष्णुदास भावे यांनी सांगलीत, संस्थानिक चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांच्या आश्रयाने ‘सीता स्वयंवर’ सादर केलं. ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन त्यावरूनच आला. शाळेत इतकंच शिकवतात. पण त्या काळातल्या पौराणिक नाटकांचा मोठा भाव खाणारा भाग होता राक्षसपार्टीचा. चेहरा रंगवलेले, आडदांड राक्षस ‘अलल डुर्र’ अशा आरोळ्या ठोकत येत, तलवारी फिरवत, मशालीवर राळ उडवत. या आरोळीवरून पुढच्या पिढीने त्या नाटकांना ‘अललडुर्र’ असं टोपणनावही देऊन टाकलं.

आजच्या भाषेत सांगायचं तर राळ हा स्पेशल इफेक्ट होता. ढेकळाच्या रूपात राळ सावकाश जळते. तीच बारीक पूड करून ज्वाळेवर उडवली की प्रत्येक कणाला चहूबाजूंनी हवा मिळते आणि भपकन जाळ होतो. वीज नसलेल्या काळात, पणत्या-मशालींच्या उजेडात बसलेल्या प्रेक्षकासमोर अचानक आग आणि आरोळी. आजचा भूतबंगला हेच करतो, फक्त मशालीऐवजी लाल बल्ब आणि स्पीकर वापरतो.

याच पट्ट्यात गणेशोत्सवातले जिवंत देखावे आहेत. मंडळाची पोरं महिनाभर तालीम करतात, बांबू आणि गोणपाटाची गुहा उभी राहते, वर रंग फासला की लांबून दगड वाटतो. रात्री दहा-दहा वेळा तोच प्रयोग करणारी ही मुलं आणि भूतबंगल्यात दिवसभर हडळ होणारा माणूस यांच्या कामात फारसा फरक नाही. पण एकाला कलाकार म्हणतात, दुसऱ्याला कुणी काही म्हणत नाही. तंबूत, मुखवट्याच्या आत घामाने निथळत, शेकडो वेळा तोच झटका द्यायचा आणि शेवटच्या प्रेक्षकालाही पहिल्यासारखं घाबरवायचं, हे काम सोपं नाही.

अंधारात नेमकं काय चालतं?

भूतबंगल्याचं पहिलं हत्यार म्हणजे प्रेक्षकाचे स्वतःचे डोळे. जत्रेत बाहेर हॅलोजनचा लख्ख उजेड असतो. तिथून एकदम काळोखात गेल्यावर डोळ्यांना अंधाराची पूर्ण सवय व्हायला २० ते ३० मिनिटं लागतात. भूतबंगल्यातली फेरी त्याच्या कितीतरी आधी संपते. म्हणजे प्रेक्षक सगळा वेळ जवळपास आंधळा असतो. आतला कलाकार मात्र केव्हाचा अंधारात उभा आहे. त्याला आपण स्वच्छ दिसतो. खेळ सुरू होण्याआधीच एक बाजू जिंकलेली असते.

लाल बल्बमागेही हेच गणित आहे. मंद प्रकाशात पाहणाऱ्या डोळ्यातल्या पेशी लाल रंगाला फारशी दाद देत नाहीत. त्यामुळे लाल उजेडात कलाकाराची अंधाराची सवय मोडत नाही आणि प्रेक्षकाला जेमतेम आकार दिसतात. रंग रक्तासारखा दिसतो हा फायदा वरचा.

दुसरं हत्यार वळणं. चाळीस फुटांच्या तंबूत सरळ बोळ काढला तर दहा सेकंदांत माणूस बाहेर. तोच बोळ नागमोडी केला की वाट लांबते, दिशा हरवते आणि प्रत्येक कोपऱ्याआड काय आहे ते कळत नाही. जिवंत कलाकार असलेल्या मोठ्या ठिकाणी एक नियम पाळतात : घाबरवायचं ते पुढच्या दिशेने. म्हणजे प्रेक्षक दचकून मागे पळू नये, पुढे पळावा. मागे पळाला तर मागून येणाऱ्या गटावर आदळेल आणि अरुंद बोळात चेंगराचेंगरी होईल. जत्रेत हा नियम कुणी शिकवलेला नसतो, पण अनुभवी माणूस तो आपोआप पाळतो. गर्दी अडली की त्याचाच धंदा थांबतो.

तिसरं हत्यार काचेचं. हवेत तरंगणारी, आरपार दिसणारी बाई पाहिली असेल, तर ती बहुधा ‘पेपर्स घोस्ट’ नावाच्या युक्तीने केलेली असते. हेन्री डर्क्स यांच्या कल्पनेवरून जॉन हेन्री पेपर यांनी १८६२ मध्ये लंडनमध्ये ती लोकांसमोर आणली. समजून घ्यायला रात्रीची एसटी पुरेशी आहे. आत दिवा लागलेला असताना खिडकीबाहेर पाहिलं तर आपलाच चेहरा बाहेरच्या उसाच्या फडावर तरंगताना दिसतो. काच थोडा प्रकाश परत पाठवते आणि थोडा आरपार जाऊ देते, म्हणून दोन्ही चित्रं एकावर एक येतात. भूतबंगल्यात काच तिरकी लावतात आणि ‘भूत’ बाजूच्या लपलेल्या खोलीत उजेडात उभं करतात. त्या खोलीतला दिवा मंद केला की भूत विरघळतं.

आवाजाची गोष्ट जरा वादाची आहे. ब्रिटनमधल्या कॉव्हेन्ट्रीत काम करणारे अभियंता विक टँडी यांना प्रयोगशाळेत रात्री अस्वस्थ वाटायचं, डोळ्यांच्या कडेला करडी आकृती दिसायची. शोध घेतल्यावर कारण निघालं नव्याने बसवलेला एक्झॉस्ट फॅन. त्याच्यामुळे खोलीत सुमारे १९ हर्ट्झचा ध्वनी घुमत होता. माणसाला साधारण २० हर्ट्झच्या खालचं ऐकू येत नाही, पण शरीराला ते जाणवू शकतं, असं टँडी यांनी १९९८ च्या शोधनिबंधात मांडलं. पुढच्या प्रयोगांत याला ठाम दुजोरा मिळालेला नाही, त्यामुळे ‘भूत म्हणजे पंखा’ असं लगेच जाहीर करायची घाई नको. पण झपाटलेल्या खोलीत मांत्रिक बोलावण्याआधी पंखा तपासून पाहणारा हा माणूस लक्षात ठेवण्यासारखा आहे.

मग घाबरण्यात मजा का येते?

अचानक मोठा आवाज झाला की डोळे मिटतात, मान खांद्यांत जाते. ही प्रतिक्षिप्त क्रिया सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत घडते; मेंदूचा विचार करणारा भाग नंतर जागा होतो. तोवर अ‍ॅड्रेनालिन सुटलेलं असतं, छाती धडधडत असते. मग लक्षात येतं, अरे हा तर मुखवटा. धोका नाही हे कळतं, पण शरीरातली ऊर्जा तशीच शिल्लक असते. ती हसण्यातून बाहेर पडते. भूतबंगल्याच्या बाहेरच्या दाराशी उभं राहिलं तर किंचाळ्यांपेक्षा हसणंच जास्त ऐकू येतं.

डेन्मार्कमधल्या आरहुस विद्यापीठाच्या संशोधकांनी हे मोजून पाहिलं. वायले गावाजवळच्या ‘डिस्टोपिया’ या जिवंत कलाकारांच्या हाँटेड हाऊसमध्ये ११० जणांना हृदयाचे ठोके मोजणारी यंत्रं लावून आत सोडलं. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दिसलं की भीती फार कमी असली तरी मजा कमी आणि फार जास्त झाली तरी कमी. मधे कुठेतरी सर्वाधिक मजा येते. म्हणजे भाजीतल्या मिठासारखं.

अमेरिकेतल्या पिट्सबर्गमध्ये मार्गी कर आणि सहकाऱ्यांनी ‘द बेसमेंट’ नावाच्या, नावाप्रमाणेच तळघर छापाच्या तीव्र प्रयोगाला आलेल्या २६२ प्रौढांचा अभ्यास केला. बाहेर पडल्यावर अनेकांची मनःस्थिती आत जाण्यापूर्वीपेक्षा चांगली होती, विशेषतः जे थकलेले किंवा कंटाळलेले आत गेले होते त्यांची. अर्थात हे सगळे स्वतःहून तिकीट काढून आलेले होते. यातला ‘स्वतःहून’ हा शब्द महत्त्वाचा. मित्रांनी ओढत नेलेल्या मुलीला किंवा बापाच्या खांद्यावर बसून आत गेलेल्या चार वर्षांच्या पोराला हे निष्कर्ष लागू होत नाहीत.

जमिनीखालीच का?

बाहेरचा आवाज आणि उजेड आपोआप बंद होतो, हवा गार लागते, मोबाइलची रेंज जाते. सातारा जिल्ह्यात लिंबजवळची बारा मोटेची विहीर पाहिलेल्यांना हा अनुभव भुताशिवायही आलेला असेल. छत्रपती शाहूंच्या काळात वीरूबाई भोसले यांनी बांधलेल्या या विहिरीत पायऱ्या उतरून गेलं की आत चक्क महाल आहे. वरच्या शेतातला आवाज खाली येईपर्यंत बदललेला असतो.

सांगलीत मात्र तळघरातला हॉरर शो काढण्याआधी कृष्णेला विचारावं लागेल. आयर्विन पुलाजवळ ४५ फूट ही धोक्याची पातळी. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. त्यामुळे आपल्याकडचं ‘भुयार’ बहुतेक वेळा जमिनीवरच, पत्रा, प्लायवूड, कापड आणि थर्माकोलचं असतं. आणि खरी अडचण तिथूनच सुरू होते.

आत आग लागली तर?

भूतबंगला चांगला जमण्यासाठी जे जे लागतं, ते सगळं आगीच्या वेळी माणसाच्या विरोधात जातं. अंधार हवा, अरुंद नागमोडी बोळ हवेत, दार सापडता कामा नये, आवाज कानठळ्या बसवणारा हवा, धूर हवा. कुणी ‘वाचवा’ म्हणून ओरडलं तर ते खेळाचाच भाग वाटायला हवं. अशा जागी खरा धूर आला तर तो खरा आहे हे कळण्यातच मोलाचा वेळ जातो.

ही नुसती शंका नाही. ९ जून १९७९ रोजी सिडनीच्या लूना पार्कमधल्या ‘घोस्ट ट्रेन’ला आग लागून सात जण गेले, त्यातली सहा मुलं होती. ११ मे १९८४ रोजी अमेरिकेत न्यू जर्सीच्या सिक्स फ्लॅग्ज पार्कमधल्या ‘हाँटेड कॅसल’मध्ये आठ किशोरवयीन मुलांचा मृत्यू झाला. तो किल्ला म्हणजे एकमेकांना जोडलेले मालवाहू ट्रेलर होते. तात्पुरती रचना म्हणून पाण्याचे फवारे, धूरशोधक यंत्र यांची सक्ती तिला लागू केली गेली नव्हती. भिंतीवरच्या फोमने पेट घेतला आणि विषारी धूर बोळात कोंडला.

त्यानंतर अमेरिकेतल्या इमारत नियमांत अशा जागांसाठी वेगळी तरतूद आली. धूर जाणवला की आतले दिवे आपोआप लागले पाहिजेत, गोंधळात टाकणारे आवाज आणि दृश्यं बंद झाली पाहिजेत, बाहेरची वाट दिसली पाहिजे. थोडक्यात, यंत्रणेनेच ‘खेळ संपला’ असं सांगायचं.

आपल्याकडे? २५ मे २०२४ रोजी राजकोटच्या टीआरपी गेम झोनमध्ये सुट्टीच्या गर्दीत आग लागली आणि २७ जणांचा जीव गेला. तीही पत्र्याची शेडच होती, अग्निशमन दलाचा ना हरकत दाखला नव्हता. चाळीस वर्षांच्या अंतराने तोच शब्द पुन्हा आला : तात्पुरतं.

महाराष्ट्रात आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ आहे. इमारतीतली अग्निसुरक्षा यंत्रणा बसवणं आणि चालू स्थितीत ठेवणं ही मालकाची किंवा जागा वापरणाऱ्याची जबाबदारी. ती चालू असल्याचं परवानाधारक संस्थेचं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावं लागतं. बाजारपेठेतल्या गाळ्यात थाटलेल्या हॉरर हाऊसकडे ते मागता येतं. तंबू आणि मांडवांसाठी भारतीय मानक ब्युरोचं ‘आयएस ८७५८’ हे मानक आहे, त्यात ज्वलनशील कृत्रिम कापड, विजेच्या तारा, बाहेर पडण्याच्या वाटा यांवर शिफारशी आहेत. शिवाय महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३३ खाली सार्वजनिक करमणुकीच्या जागांसाठी नियम करता येतात. कागद आहेत. पण चार-पाच दिवसांच्या जत्रेत रात्रीतून उभा राहणारा आणि रात्रीतून उतरणारा तंबू तपासायला कोण, कधी जाणार? ग्रामपंचायत जागेचं भाडं घेते, वीज जोडणी होते, बंदोबस्त लागतो. आतल्या बोळाची रुंदी मोजण्याचं काम या सगळ्यांच्या मधल्या फटीत पडतं.

सातारा जिल्ह्याला जत्रेतल्या दुर्घटनेची किंमत वेगळी सांगायला नको. २५ जानेवारी २००५ रोजी मांढरदेवच्या काळूबाईच्या यात्रेत चेंगराचेंगरी आणि दुकानांना लागलेली आग यांत सुमारे ३०० भाविकांचा मृत्यू झाला. त्यानंतर मोठ्या यात्रांच्या नियोजनाची चर्चा मंदिर, पायऱ्या आणि रांगा यांभोवती झाली. करमणुकीच्या पट्ट्याला त्या चर्चेत अजून पुरेशी जागा मिळालेली नाही.

जादूटोणाविरोधी कायद्यात हे बसतं का?

हा प्रश्न साताऱ्यात हमखास येतो, आणि त्याला कारण आहे. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे डॉ. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचे. शिक्षण सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयात आणि मिरजेच्या वैद्यकीय महाविद्यालयात. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली, चार दिवसांत वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये विधिमंडळाने कायदा मंजूर केला.

या कायद्याच्या अनुसूचीत भुताचा उल्लेख आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं, बांधून ठेवणं, मिरचीची धुरी देणं. भुताची भीती घालून लोकांत घबराट पसरवणं किंवा रुग्णाला औषधोपचारापासून रोखणं, हे गुन्हे आहेत. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं आणि पाच हजार ते पन्नास हजार रुपये दंड. भूतबंगला यात येत नाही. तिथे भूत खरं असल्याचा दावा नसतो, तिकीट असतं आणि बाहेर आल्यावर तोच ‘खवीस’ मुखवटा डोक्यावर सरकवून चहा पिताना दिसतो.

उलट अडचण दुसरीकडे आहे. अमुक घाटात पांढऱ्या साडीतली बाई दिसली, असे व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात. त्यांना तिकीट नसतं, बाहेरचं दारही नसतं. खेळ आहे हे कुणी सांगत नाही. त्यातून एखाद्या वाटसरूला मारहाण झाली किंवा आजारी बाईला दवाखान्याऐवजी देवऋष्याकडे नेलं गेलं, तर तिथे कायदा लागतो.

आत जाण्यापूर्वी काय पाहावं?

तिकीट काढण्याआधी तंबूला बाहेरून एक चक्कर मारा. आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या दाराखेरीज आणखी एखादी वाट आहे का, ती दोरीने किंवा खोक्यांनी अडवलेली आहे का, हे दोन मिनिटांत कळतं. जनरेटर आणि डिझेलचा कॅन तंबूला चिकटून ठेवलेला असेल तर पाळण्यात बसलेलं बरं. अग्निशामक सिलिंडर दिसला तर त्यावरची तारीख वाचा. तिकीटवाल्याला ‘आत लाइट लावायचं बटण कुणाकडे आहे?’ असं सरळ विचारा. उत्तर लगेच आलं तर जा.

आत गटाने जा, पण पळू नका. मोबाइल हातात ठेवा, टॉर्च कुठे आहे ते माहीत असू द्या. अपस्मार असलेल्यांनी झगमगत्या, लुकलुकणाऱ्या दिव्यांपासून लांब राहावं. हृदयविकार असलेल्यांनी आणि गरोदर महिलांनी आत जाऊ नये. लहान मूल दाराशीच रडायला लागलं तर ‘काही होत नाही’ म्हणून उचलून नेऊ नका. मुखवट्यामागे माणूस आहे ही गोष्ट मोठ्यांना कळते, त्याला अजून कळत नाही. आणि मुलगी किंवा महिला सोबत असेल तर कलाकार अंगाला हात लावतो का, हे आधी विचारून घ्या. मोठ्या ठिकाणी स्पर्श न करण्याचा नियम लिहून लावलेला असतो. जत्रेत तो लिहिलेला नसतो, त्यामुळे अंधारात कुणी गैरफायदा घेतला तर तो खेळ नव्हे, विनयभंग आहे. जत्रेच्या बंदोबस्तातल्या पोलिसांकडे किंवा ११२ क्रमांकावर तक्रार करता येते.